लाल डब्याचं मॉडेल चकाचक करायचं की चिखलासकट?

टपावरचा:
१:२४ मधे, म्हणजे खरीच्या चोविसाव्या हिश्शाएवढी, जुनी लाल एसटी करतोय, सनबोर्डची. गाडी दहा मीटर धरली तर मॉडेल साडेसोळा इंचाच्या आसपास येतं. बॉडी झाली, मागची शिडी झाली, आता रंग. माझं ठाम मत आहे की शोरूममधली वाटेल अशी एसटी करण्यात काहीच अर्थ नाही, आपण जिच्यातनं गणपतीला गावी गेलो ती अशी नव्हतीच. म्हणून आधी तपकिरी रंग मारून सुकवायचा, पाण्याने ओला करून वर जाडं मीठ भुरभुरायचं, मीठ चिकटलं की लाल रंग मारायचा आणि वाळल्यावर ब्रशने मीठ घासून काढायचं, जिथे मीठ होतं तिथे गंज दिसतो. आणि खाली आमच्या परड्यातली जांभ्याची माती, वस्त्रगाळ करून.

खाडीकाठ:
अजिबात पटलं नाही. माझे बाबा ड्रायव्हर होते, चिपळूण कराड, कुंभार्ली घाट रोजचा. पहाटे गाडी काढायच्या आधी घरनं नेलेल्या फडक्याने काच पुसायचे, खिडकीखाली कोणी ओकलं असेल तर स्वतः बादली मारायचे. गंजकी गाडी बनवून कपाटात ठेवणं म्हणजे त्या माणसांनी गाडी सांभाळलीच नाही असं म्हणणं झालं. मॉडेल करतोयस ना, मग ती दसऱ्याला हार घातल्यावर दिसायची तशी कर.

रातांबा:
भावनेचं राहूदे, मीठवाली ट्रिक इथे चुकीचीच आहे. जुन्या लाल डब्याची बॉडी ॲल्युमिनियमची, लोखंडी बॉडी बऱ्याच नंतर आली. ॲल्युमिनियम तांबेरत नाही रे, रंग खरवडला की आत चंदेरी पत्रा दिसतो. गंज फक्त बंपर, शिडी, चाकाच्या रिमा. मीठ पद्मिनी टॅक्सीसाठी ठेव, तिचा पत्रा लोखंडी.

साकव:
काहीही करा पण काचेच्या पेटीत ओल शोषणारं सिलिका जेल टाकून ठेवा. माझ्या १:४३ च्या रेडीमेड अँबॅसिडरचे टायर चिकट झाले आणि खोक्याला दोन पावसाळ्यांत बुरशी.

टपावरचा:
रातांबा, बरोबर, बॉडीवरचा गंज रद्द, ओरखड्याला चंदेरी मारतो. पण चिखल काढणार नाही. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणीच रद्द, त्यात एसटी पण आली, काळीपिवळी पद्मिनी त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यावरनं गेली. गाडी गेल्यावर तिचा फॅक्टरीतला रंग कागदावर सापडेल एकवेळ, पण लाल पत्र्यावर लाल माती सुकून जो विटकरी थर बसायचा, त्यात पोरांनी बोटाने नावं लिहिलेली, ते कुठे सापडणार? बाबांनी रोज धुतली म्हणूनच ना रोज नवा चिखल बसला.

खाडीकाठ:
शेवटचं वाक्य मान्य. तरी काचा स्वच्छच हव्यात, पुढच्या तर नक्की, आणि चिखल चाकाच्या वर नि मागे, खिडकीखाली डाग नकोत. बाबांच्या रिटायरमेंटच्या दिवशीचा फोटो आहे, गाडीची मागची बाजू नीट दिसते. शिडीच्या पायऱ्या किती केल्यास? रात्री मोजून सांगतो.