मोडेम ब्रिज मोडला टाकू का? मेश बसवलं, पण प्रिंटर सापडंना

अंबाजोगाईचा_मास्तर

नमस्कार मंडळी. घर म्हणजे जुना वाडा. दगड-मातीच्या अडीच फुटी भिंती, वर माळवद. फायबरचं मोडेम ढाळजेत (दारालगतच्या बैठकीत), कारण केबलवाल्या पोरानं "वायर इथपर्यंतच पुरतीय" म्हणत तिथंच खिळा मारला. चौक ओलांडला की वायफायची एक दांडी, माजघरात तीही नाही. म्हणून दिवाळीत तीन डब्यांचं मेश घेतलं, म्हणजे घरभर मिळून एकच वायफाय पसरवणारे डबे. एक डबा मोडेमला वायरनं जोडला, एक माजघरात, एक माडीवर.

रेंज आली, पण प्रिंटर मोडेमच्या वायफायवर आणि मोबाईल मेशवर, त्यामुळं प्रिंटर दिसतच नाही. मोडेम १९२.१६८.१ चे पत्ते वाटतंय, मेश १९२.१६८.६८ चे. एका व्हिडिओत ऐकलं की हे डबल नॅट, म्हणजे दोन यंत्रं आपापले वेगळे पत्ते वाटतायत, मोडेम ब्रिज करा. केलं. १९२.१६८.१.१ उघडलं, वॅनमध्ये (बाहेरच्या लाइनीच्या सेटिंगात) 'राउट'चं 'ब्रिज' केलं, सेव्ह. नेट गेलं. घाबरून मागच्या भोकात टाचणी खुपसून रीसेट केलं, तर पॉनचा (फायबरच्या लाइनीचा) दिवा दोन दिवस नुसता लुकलुकत राहिला. वडिलांचा लँडलाइनपण त्याच मोडेमवर, त्याचं वेगळं ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी केबलवाला आला, सगळं परत भरून दिलं आणि जाताना म्हणाला, "गुरुजी, तुम्ही फळ्यावर काय करायचं ते करा, याला हात लावू नका."

आता परत हात लावायचाय. नीट सांगा कुणीतरी.

वायरवाला_लातूर

गुरुजी, ब्रिज केल्यावर नेट गेलं हा बिघाड नव्हताच. राउट मोडमध्ये ऑपरेटरकडं लॉगिन मोडेम करतं, म्हणजे पीपीपीओई. ब्रिज केलं की मोडेम ते काम सोडतं, फक्त फायबरचा उजेड लॅन वायरीत उतरवून देतं. लॉगिन मग मेशच्या पहिल्या डब्यानं करायचं. तुम्ही त्याला युजरनेम-पासवर्ड दिलाच नव्हता, तो बिचारा काय करणार? चुकलं ते टाचणीचं. फायबरच्या मोडेममध्ये ऑपरेटरनं भरलेली नोंदणी असते, ती रीसेटनं पुसली जाऊ शकते. मग पॉनचा दिवा स्थिर होत नाही. टाचणी विसरा.

करायचंच असेल तर आधी ऑपरेटरकडून पीपीपीओईचं युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन नंबर (एकाच लाइनीवर इंटरनेट, फोन वेगळे ठेवणारा क्रमांक) कागदावर घ्या. मोडेमच्या प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढा, मी आजही काढतो. वॅनच्या यादीत बहुतेक दोन-तीन ओळी असतील: इंटरनेट, व्हीओआयपी, टीआर-०६९. ब्रिज फक्त इंटरनेटच्या ओळीला. व्हीओआयपी म्हणजे वडिलांचा फोन, तिला हात नाही. टीआर-०६९ मधून ऑपरेटर लांबून सेटिंग बदलतो, म्हणून त्याला कल्पना देऊन ठेवा, नाहीतर एखाद दिवशी तुमचं ब्रिज आपोआप राउट व्हायचं. इंटरनेटच्या ओळीला जे लॅन पोर्ट बांधलंय त्यातच मेशची वायर. व्हीलॅन नंबर मोडेमच्या ब्रिज ओळीत भरला असेल तर मेशमध्ये परत भरू नका, दोन्हीकडं भरला की नेट येत नाही. मेशमध्ये पीपीपीओई निवडा, एमटीयू (एका पुडक्याचा कमाल आकार) १४९२. 'ऑथेंटिकेशन फेल' आलं तर पासवर्ड नीट बघा, बरोबर असेल तर लाइन जुन्या मोडेमच्या मॅकला (यंत्राच्या ओळख क्रमांकाला) बांधलेली असू शकते. ऑपरेटरला मॅक सोडायला लावा.

नांदेडचा_फुकट_सल्ला

वायरवाले दादांचं सगळं बरोबर, पण गुरुजी, तुमचं दुखणं काय अन् औषध काय! डबल नॅटनं स्पीड फारसा कमी होत नाही. तुम्हाला फक्त सगळी यंत्रं एका नेटवर्कात हवीत. मग मेशलाच 'ॲक्सेस पॉइंट' मोडला टाका. पत्ते मोडेमच वाटेल, मेश फक्त वायफाय पसरवेल, माडीवरनं माजघरात आलं तरी फोन आपोआप डबा बदलेल. मोडेमचं वायफाय बंद करा आणि प्रिंटर मेशवर घ्या. पासवर्ड मागायला नको, लँडलाइन सुरक्षित. मेशच्या ॲपमधली पोरांच्या मोबाईलवर वेळ लावायची वगैरे सोय जाईल, तेवढंच.

आणि कुणी म्हणेल ब्रिज केलं की बाहेरून घरचा कॅमेरा दिसेल. वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ च्या मधला असेल तर तो ऑपरेटरच्या सीजीनॅटच्या आतला, म्हणजे बऱ्याच ग्राहकांत बाहेरचा एकच पत्ता वाटलेला. मग ब्रिज करा नाहीतर मोडेम डोक्यावर घ्या, बाहेरून आत यायचं पोर्ट उघडणार नाही.

माळवदाखालचा

आमचं घर धाराशिवजवळ, तसंच माळवदाचं. मोड कोणताही ठेवा, दगड-मातीच्या भिंतीतून ५ गिगाहर्ट्झ जात नाही. डब्यांना आपसात कॅट-६ वायरनं जोडा. सवण्यातून (माळवदातल्या झरोक्यातून) वायर खाली उतरवता येते, भिंत फोडावी लागत नाही. फक्त माळवदावरनं उघडी लांब वायर ओढू नका. मी ओढली होती. आधी वानरांनी चावली, मग मे महिन्यातल्या वळवाच्या पावसात शेजारच्या लिंबावर वीज पडली, मोडेमचं पोर्ट आणि डबा दोन्ही गेले. तुळईच्या कडेनं आतून न्या.

अंबाजोगाईचा_मास्तर

नांदेडकरांचं ऐकलं. ॲक्सेस पॉइंट केलं, प्रिंटर लगेच सापडला. चौथीच्या पोरांच्या सराव परीक्षेचे पेपर आज घरीच काढले. माजघरातल्या डब्याची वायर तुळईच्या कडेनं नेली. पण प्लॅन १५० एमबीपीएसचा, माजघरात ९४ च येतंय. हे ९४ कुठनं आलं?

वायरवाला_लातूर

९४ म्हणजे १०० चं पोर्ट. तुमच्या मोडेमवर एकच गिगाबिट पोर्ट असेल, वर 'जीई' लिहिलेलं. वायर त्यात घाला. तरी ९४ च आलं तर वायरीच्या टोकाला आठातल्या चारच तारा लागल्यात, परत क्रिंप करा, म्हणजे टोक नव्यानं दाबून बसवा.

अंबाजोगाईचा_मास्तर

वायर दुसऱ्याच पोर्टात होती. जीईत घातली, माजघरात १४८. माडीवरच्या डब्याला वायर नाही, तिथं ४० च्या आसपास. वडील रात्री "उगी दिवा जळतोय" म्हणून माजघरातल्या डब्याचं बटण बंद करतात, तेव्हा माडीवर २ येतं. त्यावर आता इन्सुलेशन टेप चिकटवलीय, दिव्यावर.