क्रॅनिओफॅरिंजिओमानंतर सहाव्या दिवशी सोडियम घसरतंय: डेस्मोप्रेसिन थांबवावं का?

रात्रपाळी_न्यूरो

नमस्कार. रुग्ण स्त्री, वय ३४, वजन ५८ किलो. सेलाच्या (पिट्युटरी ग्रंथी बसते त्या हाडाच्या खोबणीच्या) वरचा क्रॅनिओफॅरिंजिओमा (पिट्युटरीजवळची गाठ) एंडोस्कोपने नाकातून काढला. गाठ पिट्युटरीच्या देठातच शिरलेली होती, त्यामुळे देठ कापावा लागला.

पहिल्या रात्री सलग तीन तास ताशी ४०० मिली लघवी, स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.००२, सोडियम १५१. डेस्मोप्रेसिन (लघवी रोखणाऱ्या व्हॅसोप्रेसिन हार्मोनसारखं औषध) १ मायक्रोग्रॅम शिरेतून दिलं आणि लघवी लगेच आटोक्यात आली. तेव्हापासून दर १२ तासांनी १ मायक्रोग्रॅम चालू आहे. चौथ्या दिवशी संध्याकाळी सोडियम १४४, आज सहाव्या दिवशी सकाळी १३४ आणि आता रात्री १२९. गेले आठ तास लघवी ताशी ३५-४० मिली. डेक्स्ट्रोज ५ टक्के ताशी १०० मिलीने चालू आहे, तोंडानेही पाणी पितात. हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसोल हार्मोनच्या जागी देतात ते औषध) कमी करत तोंडाने दिवसाला २० मिग्रॅवर आणलं आहे. डोकं दुखतंय, मळमळ आहे, उलटी नाही, जीसीएस (शुद्धीचा गुणांक) १५, म्हणजे पूर्ण शुद्धीत.

डेस्मोप्रेसिनचा शेवटचा डोस सकाळी ८ला दिला होता. रात्रीचा डोस मी रोखून ठेवला आहे. तो द्यायचा की नाही? हे औषध जास्त झाल्यामुळे आहे, देठ कापल्यानंतरचा दुसरा टप्पा आहे की सॉल्ट वेस्टिंग (लघवीतून मीठ आणि त्याबरोबर पाणी वाहून जाणं)? नॉर्मल सलाईन लावलं तर चालेल का?

संप्रेरक_ओपीडी

डोस रोखला हे अगदी बरोबर केलंत. आता डेक्स्ट्रोज लगेच बंद करा, पाण्याचा तांब्या उशाजवळून हलवा आणि तुमच्या सीनियरना आत्ताच फोन करा. ४८ तासांत १५ने घसरण, त्यात डोकेदुखी आणि मळमळ. सकाळच्या राउंडपर्यंत थांबण्यासारखं हे नाही.

देठ कापला की काय होतं ते डोळ्यांसमोर ठेवा, म्हणजे उपचार आपोआप सुचतात. व्हॅसोप्रेसिन तयार होतं हायपोथॅलॅमसमध्ये आणि देठातल्या तंतूंमधून उतरून पोस्टिरिअर पिट्युटरीत साठतं. कापल्यावर तंतू बधिर होतात, हार्मोन सुटतच नाही आणि भरमसाट लघवी होते. हा पहिला टप्पा, साधारण पहिल्या एक-दोन दिवसांत सुरू होणारा. मग तुटलेले तंतू कुजायला लागतात आणि साठलेला हार्मोन कुणाच्याही हुकुमाशिवाय रक्तात गळतो. हा दुसरा टप्पा, बहुधा पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यानचा. साठा संपला आणि वरच्या पेशीही मेल्या की तिसरा टप्पा, म्हणजे कायमचा डीआय (डायबेटिस इन्सिपिडस, व्हॅसोप्रेसिनअभावी होणारी भरमसाट लघवी). सगळ्यांनाच तिन्ही टप्पे दिसत नाहीत. काहींना फक्त पहिला दिसतो, काहींना तर थेट दुसराच.

म्हणूनच पहिले दहा दिवस डेस्मोप्रेसिन घड्याळावर लिहायचं नाही. प्रत्येक डोस स्वतंत्र निर्णय असतो. आधीच्या डोसचा असर ओसरून लघवी पुन्हा मोकळी झाली, म्हणजे सलग दोन तास ताशी २५०-३०० मिलीच्या वर गेली, स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.००५च्या खाली आली आणि सोडियम १४५च्या पुढे सरकू लागलं, तरच पुढचा १ मायक्रोग्रॅम. ठरलेल्या वेळेला देत राहिलं की दुसरा टप्पा कधी आला ते कळतच नाही; बाहेरचा आणि आतला हार्मोन एकमेकांवर चढतात. वरून डेक्स्ट्रोज म्हणजे निव्वळ पाणीच, ते बाहेर पडायला वाटच उरत नाही.

आत्ता एकाच वेळी पाठवा: सिरम आणि युरीन ऑस्मोलॅलिटी (रक्त आणि लघवी किती घट्ट आहे ते), युरीन सोडियम व पोटॅशियम, रक्तातली साखर, युरिया, हिमॅटोक्रिट (लाल पेशींचं प्रमाण). आजचं वजन घ्या आणि पहिल्या दिवसापासूनचा इनटेक-आउटपुट बेरजेत मांडा. सॉल्ट वेस्टिंगचा निकाल लघवीतल्या सोडियमवरून लागत नाही, ते सॉल्ट वेस्टिंग आणि दुसरा टप्पा या दोन्हींत जास्तच असतं. निकाल लागतो शरीरात पाणी कमी आहे की जास्त यावरून.

नॉर्मल सलाईन मात्र लावू नका. रिपोर्ट आले की का ते आकड्यांतच दाखवतो.

आणखी एक. कॉर्टिसोलची कमतरता हुबेहूब असंच चित्र दाखवते, आणि पोटॅशियम नॉर्मल आहे म्हणून ती नाही असं समजू नका. पिट्युटरीच्या आजारात अल्डोस्टेरॉन (पोटॅशियम बाहेर टाकणारा हार्मोन) शाबूत असतं, पोटॅशियम वाढत नाही. आजारी रुग्णाला दिवसाला २० मिग्रॅ कमी पडू शकतं. शंका असेल तर हायड्रोकॉर्टिसोन १०० मिग्रॅ शिरेतून द्या आणि पुढे दर सहा तासांनी ५० मिग्रॅ. कॉर्टिसोल भरून निघाल्यावर मूत्रपिंड पाणी सोडायला लागतं, त्यामुळे दबलेला डीआय उघडा पडू शकतो. लघवी ताशी मोजत राहा.

कवटीतळ

वरचं सगळं पटतं. पण डोकेदुखी सोडियमच्या खात्यावर टाकण्याआधी सीटी करून घ्या. सेलात रक्तस्राव, वेंट्रिकल फुगणं, डोक्यात हवा कोंडणं, या तिघांचीही सुरुवात डोकेदुखी आणि मळमळीनेच होते. आत्ताच्या आत्ता दोन्ही डोळ्यांची नजर वेगवेगळी तपासा: बोटं मोजणं, लाल टाचणीचा रंग, समोरासमोर फील्ड. काल दिसत होतं त्यापेक्षा कमी दिसत असेल तर सोडियमची वाट बघायची नाही, ती शस्त्रक्रियेची तातडी आहे.

उठून बसल्यावर डोकं जास्त दुखतं का, घशात खारट उतरतं का, हेही विचारा. पुढे वाकवून मिनिटभर बसवा. नाकातून पाण्यासारखा थेंब आला तर गोळा करून बीटा-२ ट्रान्सफेरिनला पाठवा. ग्लुकोजच्या पट्टीवर विश्वास ठेवू नका, नाकाचा स्राव आणि रक्त दोन्ही तिला फसवतात. ताप आणि मान कडक असेल तर बॅक्टेरियल मेनिंजायटिस धरून अँटिबायोटिक सुरू करायचं. गाठीतल्या द्रवाच्या पिशवीतलं (सिस्टचं) तेलकट द्रव सांडून होणारा केमिकल मेनिंजायटिस या गाठीत असतो खरा, पण ते नाव कल्चर निगेटिव्ह आल्यावरच द्यायचं.

नाकात पॅक आणि खपल्या असताना डेस्मोप्रेसिनचा स्प्रे लिहू नका. किती शोषला गेला ते कुणालाच सांगता येणार नाही.

आणि हे ठळक अक्षरांत समजा: गुंगी वाढली आणि पोटात नळी घालायची वेळ आली तर नाकातून आंधळेपणाने राइल्स ट्यूब घालायची नाही. कवटीच्या तळाला भगदाड आहे, नळी थेट मेंदूत गेल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात आहेत. नळी तोंडातून घाला. मास्कने जोराने व्हेंटिलेशन, सीपॅप (मास्कमधून दाबाने सतत हवा), हेही टाळा.

रात्रपाळी_न्यूरो

मनापासून आभार. सीनियर येऊन गेले. सीटीत थोडी हवा, रक्तस्राव नाही, वेंट्रिकल पहिल्यासारखेच. नजर कालच्याइतकीच, गळती नाही. हायड्रोकॉर्टिसोन १०० मिग्रॅ दिलं.

सिरम ऑस्मोलॅलिटी २६६, युरीन ऑस्मोलॅलिटी ५४०, युरीन सोडियम ९६, पोटॅशियम ४५. साखर ११८. वजन ५९.२, म्हणजे शस्त्रक्रियेआधीपेक्षा १.२ किलो जास्त. नाडी ७६, बीपी ११८/७४, हिमॅटोक्रिट थोडा उतरलेला.

संप्रेरक_ओपीडी

वजन वाढलंय, नाडी शांत, हिमॅटोक्रिट पातळ झालेला. सॉल्ट वेस्टिंग नाही. त्यात वजन घटतं, नाडी धावते, युरिया आणि हिमॅटोक्रिट चढतात. हा पाण्याचा साठा आहे. औषधाचा की स्वतःच्या हार्मोनचा, हे वेळच सांगेल: शिरेतल्या १ मायक्रोग्रॅमचा असर साधारण ८ ते १२ तास टिकतो. उद्या सकाळी ८ला, म्हणजे शेवटच्या डोसनंतर २४ तासांनीही लघवी अशीच घट्ट राहिली, तर दुसरा टप्पा नक्की.

आता सलाईनचा हिशेब. एक लिटर नॉर्मल सलाईनमध्ये ३०८ मिलीऑस्मोल असतात. मूत्रपिंड लघवी ५४०वर घट्ट करतंय, म्हणजे तेवढं मीठ ते सुमारे ५७० मिलीत बाहेर टाकेल. उरलेलं ४३० मिली शुद्ध पाणी शरीरातच राहील आणि सोडियम आणखी उतरेल.

दुसरा हिशेब: युरीन सोडियम अधिक पोटॅशियम १४१, सिरम सोडियम १२९. गुणोत्तर १च्या वर. अशा वेळी नुसतं पाणी तोडून भागत नाही, कारण लघवीतून मोकळं पाणी जातच नाही. मळमळ-डोकेदुखी आहेच, म्हणून ३ टक्के सलाईन १५० मिली २० मिनिटांत द्या. ५८ किलोच्या बाईत त्याने सोडियम साधारण २ने वाढेल. संपल्यावर लगेच नमुना पाठवा. झटका आला किंवा गुंगी वाढली तर तेच पुन्हा. एकूण ४ ते ६ने वाढ झाली की मेंदूवरचा ताण उतरतो. तिथे थांबा.

पुढे सगळं मिळून दिवसाला ८०० ते १००० मिली पाणी. यात अँटिबायोटिक ज्यात मिसळता ते द्रवही धरायचं; बहुतेक वेळा हिशेब तिथेच फसतो. सोडियम दर चार तासांनी. २४ तासांत ८ ते १०च्या वर चढू द्यायचं नाही.

टॉल्व्हॅप्टान (व्हॅसोप्रेसिनचा रिसेप्टर अडवणारं औषध) देण्याचा मोह टाळा. तिसरा टप्पा कोणत्याही तासाला येऊ शकतो. गळणारा हार्मोन संपला आणि त्याच वेळी रिसेप्टर औषधाने अडवलेला असला, तर सोडियम एका रात्रीत उसळेल. युरिया १५ ग्रॅम दिवसातून एक-दोनदा हा त्यापेक्षा सौम्य पर्याय, चवीला कडू असला तरी.

लघवी अचानक ताशी २००च्या वर गेली, पातळ झाली, तर तेच धोक्याचं चिन्ह. लगेच सोडियम करा. चढण्याचा वेग मर्यादेबाहेर जात असेल तर डेस्मोप्रेसिन १ मायक्रोग्रॅम आणि मोजून डेक्स्ट्रोज, गरज पडली तर सोडियम थोडं परत खालीही आणायचं.

आयसीयू_परिचारिका

डॉक्टर, बेडसाइडच्या चार गोष्टी, कारण हे सगळे निर्णय आमच्या चार्टवर उभे असतात.

कॅथेटरला साधी पिशवी नको, युरोमीटर हवा, आणि दर तासाला तो रिकामा करायचा. दोन तासांचं एकदम मोजून निम्मं-निम्मं लिहिलेलं असेल तर लघवी नेमकी कधी सुटली ते कळत नाही. लघवी कमी दिसली की आधी नळी मुडपली आहे का ते बघा, पोटाखाली मूत्राशय हाताला लागतंय का ते बघा.

सोडियमचा नमुना ज्या हातात ड्रिप चालू आहे त्या हातातून कधीही घेऊ नका. डेक्स्ट्रोजच्या वरच्या बाजूने घेतलेल्या नमुन्यात सोडियम खोटं कमी आणि साखर खोटी जास्त येते. सोडियम आणि साखर दोन्ही एकदम उलट दिशेला पळाली तर उपचाराआधी नमुना दुसऱ्या हातातून पुन्हा घ्यायचा. मशीनही तेच ठेवा: ब्लड गॅसवरचं सोडियम आणि लॅबचं सोडियम यांत दोन-तीनचा फरक सहज पडतो, आणि मग चढलं की उतरलं यावर वाद होतात.

वजन रोज त्याच वेळी, त्याच काट्यावर. चार्टवर लघवीशेजारी एक रकाना तहानेचा ठेवा. ‘पाणी दिलं’ एवढं लिहून पुरत नाही, ‘स्वतःहून मागितलं’ की ‘आम्ही पाजलं’ ते लिहायचं.

संप्रेरक_ओपीडी

तहानेचा रकाना फार मोलाचा आहे, त्यावर थोडं जास्त लिहितो.

डीआय असूनही तहान शाबूत असलेला रुग्ण स्वतःचं सोडियम स्वतः सांभाळतो. हायपोथॅलॅमसला इजा झाली असेल तर तहानच जाते, आणि तो रुग्ण १५८ सोडियमवरही पाणी मागत नाही. पुढे सोडियम १४८-१५०च्या पुढे जाऊनही या बाई पाणी मागत नसतील तर निदान तेच समजा. मग डेस्मोप्रेसिन ठरावीक वेळेला, पाणी औषधासारखं मोजून, आणि रोज सकाळी वजन. सोडियम नॉर्मल असतानाचं वजन पायाभूत धरायचं. आज एक किलो कमी भरलं तर ठरलेल्या पाण्यात एक लिटर वाढवायचं, एक किलो जास्त भरलं तर तेवढं कमी करायचं. घरी गेल्यावर सोडियम आठवड्याला एकदा. हे लोक कोरडे पडले की पायांच्या शिरांत गुठळ्या होतात, तेही नातेवाइकांना सांगून ठेवा.

तहान शाबूत असेल आणि तिसरा टप्पा आला तर रात्री ०.१ मिग्रॅ गोळीपासून सुरुवात. ढोबळ हिशेब असा: जिभेखाली विरघळणारी ६० मायक्रोग्रॅम आणि गिळायची ०.१ मिग्रॅ जवळपास सारखी; शिरेतला १ मायक्रोग्रॅम म्हणजे स्प्रेचे सुमारे १० मायक्रोग्रॅम. मिलिग्रॅम-मायक्रोग्रॅमची गल्लत इथे जिवावर बेतू शकते, चिठ्ठीवर एकक पूर्ण अक्षरांत लिहा. रोज पुढच्या डोसआधी तासभर लघवी मोकळी होऊ द्यायची, म्हणजे साठलेलं जादा पाणी निघून जातं.

कवटीतळ

सोडियम स्थिर झाल्यावर पॅथॉलॉजीचा रिपोर्ट नीट वाचा. मोठ्या माणसात पॅपिलरी प्रकार निघाला तर बीरॅफ व्ही६००ई (गाठीच्या जनुकातला एक बिघाड) तपासणी मागा. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वेमुराफेनिब आणि कोबिमेटिनिब या त्या बिघाडावरच्या गोळ्या एकत्र दिल्यावर १६पैकी १५ रुग्णांत गाठ लक्षणीय आकसली होती. काही भाग मागे राहिला असेल तर पुन्हा शस्त्रक्रिया, रेडिएशन की गोळ्या, हा निर्णय त्या एका तपासणीने बदलतो. अडमँटिनोमॅटस निघाला, म्हणजे कॅल्शियमचे खडे आणि तेलकट सिस्टवाला, तर ही औषधं लागू पडण्याची शक्यता नगण्य. त्यात बिघाड बहुधा सीटीएनएनबी१ या वेगळ्या जनुकात असतो.

थायरॉक्सिन सुरू करायचं असेल तर हायड्रोकॉर्टिसोन पुरेसं चालू आहे याची खात्री करूनच. उलट क्रमाने केलं तर अॅड्रिनल क्रायसिस (कॉर्टिसोलअभावी जिवावरचं संकट) ओढवू शकतो.

रात्रपाळी_न्यूरो

३ टक्क्यांच्या एका बोलसनंतर १३१, मळमळ गेली. पहाटे चारला १३२, लघवी ताशी ४५, ऑस्मोलॅलिटी अजून ५१०. पाणी दिवसाला ९०० मिलीवर आणलं. सकाळी ८ला पुन्हा युरीन ऑस्मोलॅलिटी पाठवतो. डेस्मोप्रेसिनची १२ तासांची ऑर्डर खोडून ‘फक्त विचारून’ असं लिहिलं आहे, आणि चार्टला तहानेचा रकाना जोडला आहे.

संप्रेरक_ओपीडी

उत्तम. ऑर्डरशेजारी फोन करायची मर्यादाही लिहा: लघवी सलग दोन तास ताशी २००च्या वर, किंवा सोडियम चार तासांत ३ने वर, किंवा १२९च्या खाली. तिन्हींपैकी एक जरी घडलं तरी लगेच फोन.