अनुभव धागा : छोट्या मुलाला घेऊन कोकण किनाऱ्यावर तंबूत राहायचंय, सामानात काय घ्यावं?

दिवाळी सरली की किनाऱ्यावर तंबू टाकायचे दिवस येतात. दीड-दोन वर्षांच्या मुलाला घेऊन पहिल्यांदाच निघणाऱ्यांना तेव्हा तेच तेच प्रश्न पडतात. तयार याद्या सापडतात त्या बहुतेक डोंगरातल्या थंडीच्या असतात : जाड स्लीपिंग बॅग, लोकरी मोजे, थर्मल. आपली गाठ पडते वाळूशी, खाऱ्या वाऱ्याशी, दंवाशी आणि दुपारच्या उन्हाशी. म्हणून जाणकारांना आग्रहाने बोलावतोय. किती, कोणत्या मापाचं, काय फसतं आणि का फसतं, एवढंच लिहा. प्रवासवर्णन नको. दोन रात्री, आई-बाबा आणि एक दुडदुडणारं मूल असं धरून चला.

गुहागर

तंबूपासून सुरुवात करतो. तिघांसाठी ‘चार माणसांचा’ म्हणून मिळणारा घ्या, तळ साधारण 7 बाय 7 फूट. मूल झोपेत गोल फिरतं आणि रात्री डायपर बदलायला गुडघ्यांवर बसण्याएवढी जागा लागतेच.

तंबूबरोबर येणाऱ्या वीतभर लोखंडी मेखा पुळणीवर निरुपयोगी आहेत. कोरडी वाळू त्यांना धरून ठेवत नाही आणि दुपारनंतर वारा चढला की एकेक करून सुटतात. त्याऐवजी जाड कापडाच्या आठ पिशव्या न्या. जुन्या जीन्सच्या पायाचे तुकडे एका बाजूने शिवले तरी चालतात. प्रत्येकीत दोन-अडीच किलो वाळू भरायची, तोंड दोरीने आवळायचं, दोरीचं दुसरं टोक तंबूच्या कडीला बांधायचं आणि पिशवी हातभर खोल पुरायची. वरच्या वाळूवर तांब्याभर समुद्राचं पाणी ओतून पायाने दाबा, कारण ओली वाळू घट्ट धरते. दोरी प्रत्येकी 2 मीटर, म्हणजे एकूण 16 मीटर, आणि भडक नारिंगी किंवा हिरवी. वाळूवर पांढरी दोरी मुलाला दिसत नाही, पाय अडकून तोंडावर पडतं.

खालची ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा चारी बाजूंनी चार बोटं आत दुमडलेली हवी. बाहेर राहिली तर वरच्या कापडावरून ओघळणारं दंव तिच्यावर साठतं आणि थेट अंथरुणाखाली शिरतं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे ते कापड पाऊस पडून गेल्यासारखं निथळत असतं. ते ताणून बांधा, आतल्या जाळीला टेकू देऊ नका.

दुपारी वारा समुद्राकडून येतो, रात्री जमिनीकडून. आपला किनारा पश्चिमेला, म्हणून दार उत्तरेला किंवा दक्षिणेला ठेवलं तर दोन्ही वेळा वाळू सरळ आत येत नाही. माडाखाली तंबू अजिबात नको. नारळाचं भय सगळ्यांना असतं, पण सुकलेली झावळी वारा नसतानाही खाली येते आणि तिचा देठाकडचा भाग चांगलाच जड असतो.

पुणे (जाणं-येणं दापोली तालुक्यात)

डायपरचा हिशोब : दिवसाला 6 ते 7, तीन दिवसांचे 20, वर 4 जास्तीचे. मुक्कामाच्या गावात डायपर मिळेलही, आपल्या मापाचा मिळेलच असं नाही. साधा डायपर घालून पाण्यात नेऊ नका. तो खारं पाणी पिऊन एवढा फुगतो की मुलाला चालता येत नाही. पोहण्याचे डायपर वेगळे मिळतात, ते 2 पुरतात. पण त्यांत लघवी थांबत नाही, तेव्हा पाण्यातून आल्यावर लगेच बदलायचे.

वाळूबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण मूल रडतं ते बहुतेक वेळा त्यापायी. ओल्या अंगावरची वाळू पुसली की ती घासली जाते. मांड्यांच्या सांध्यात, मानेच्या वळीत बारीक ओरखडे उठतात आणि त्यावर खारं पाणी लागलं की आग होते. आधी अंग वाऱ्यावर वाळू द्या. मग मूठभर कॉर्नफ्लॉवर हातावर घेऊन जांघेत, गुडघ्यामागे, पायाच्या बोटांच्या बेचक्यांत हलक्या हाताने चोळा. ओल शोषली जाते आणि वाळू आपोआप सुटून पडते. दोन दिवसांना पाव किलो भरपूर. टाल्कम नको, ते वाऱ्याने उडून मुलाच्या नाकात जातं. वाळू गेल्यावर गोड्या पाण्याने अंग धुवायचं आणि मगच खोबरेल. किनाऱ्यावर जायच्या *आधी* तेल लावलं तर वाळू अंगाला थापल्यासारखी बसते.

तंबूच्या दाराशी पसरट घमेलं ठेवा, त्यात दोन इंच पाणी. पाय बुडवल्याशिवाय कोणीच आत यायचं नाही, बाबासुद्धा. मूल तंबूत गेल्यावर घमेलं लगेच रिकामं करायचं. एवढ्याशा पाण्यातही लहान मूल बुडू शकतं.

कपडे : पूर्ण बाह्यांचे पातळ सुती 6 जोड, रात्रीचे 3, कानटोपी 1, दोरी हनुवटीखाली बांधता येणारी उन्हाची टोपी 2. एक टोपी वाऱ्याने जातेच.

रत्नागिरी

पाणी कमी नेण्याची चूक सगळ्यात जास्त होते. मोठ्यांना दिवसाला 3 लिटर, मुलाला दूध-पेज धरून दीड लिटर, म्हणजे अडीच दिवसांचं निव्वळ पिण्याचं 20 लिटर. तोटीचा एक जार घरून भरून न्या. किनाऱ्याजवळच्या विहिरीचं पाणी पुष्कळदा मचूळ असतं. उकळल्याने जंतू मरतील, खारटपणा जाणार नाही. धुण्या-भांड्याला ते चालतं, पण मुलाच्या अंगावरचा शेवटचा तांब्या जारमधला घाला.

जेवणाचं घरूनच सोपं करून न्या. दोन वाट्या तांदूळ आणि एक वाटी मूगडाळ धुऊन फडक्यावर पूर्ण सुकवा, कोरडंच भाजा, गार झाल्यावर मिक्सरला रव्यासारखं भरडा, हळद-हिंग-जिरेपूड मिसळून डब्यात भरा. मुलाच्या एका वेळेला अर्धी वाटी भरड आणि अडीच वाट्या पाणी. कुकर लागत नाही, दहा-बारा मिनिटांत आसट खिचडी होते. वर तूप. नाचणीचं सत्त्व दोन चमचे *थंड* पाण्यात कालवून मग शिजवा. गरम पाण्यात टाकलं की गुठळ्या होतात आणि मूल त्या नेमक्या थुंकतं. मेतकुटाची लहान बरणी, केळी अर्धी पिकलेली. दूध 200 मिलीच्या खोक्यांतलं, सात-आठ. लिटरचं खोकं एकदा फोडलं की गारव्याशिवाय टिकत नाही. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं सामानातच नकोत. चालता-चालता खाताना घशात अडकतात.

चिपळूण (बालरुग्ण विभागात परिचारिका)

औषधांची पिशवी लहान ठेवा, पण डोस लिहून ठेवा. पॅरासिटामॉलचा साधारण हिशोब किलोला 15 मिलिग्रॅम, म्हणजे 10 किलोच्या मुलाला 150. पण बाटल्या वेगवेगळ्या असतात : 5 मिलीत 250 असेल तर 3 मिली, 5 मिलीत 125 असेल तर 6 मिली, आणि 1 मिलीत 100 असलेले थेंब असतील तर फक्त दीड मिली. अंधारात घाईघाईत इथेच घोळ होतो. निघण्याआधी आपल्या डॉक्टरांकडून पक्कं करून घ्या आणि तुमच्या बाटलीचा आकडा जाड पेनने पट्टी चिकटवून बाटलीवरच लिहा. ओआरएसची 4 पाकिटं घ्या. मोठं पाकीट 1 लिटरचं, लहान 200 मिलीचं, ते वाचूनच पाणी घ्या. अर्धं पाकीट अंदाजाने घालायचं नाही. कालवलेलं 24 तासांनी ओतून टाका.

विंचू आणि साप यांना घाबरून जाणं रद्द करू नका, पण तयारी ठेवा. आपल्याकडे लाल विंचू आहे, फुरसं आहे आणि मण्यार बहुतेक वेळा रात्री जमिनीवर झोपलेल्यांना चावते. तंबूची चेन रात्रभर *पूर्ण* बंद ठेवा, चार बोटांचीही फट नको. चपला आत घ्या, सकाळी झटकून घाला. जळणाच्या ढिगाला आणि जांभ्या दगडाच्या गडग्याला (रचलेल्या कुंपणाला) मुलाला हात लावू देऊ नका. विंचू चावल्यावर मुलाला दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं यातलं काही दिसलं तर ते गंभीर आहे. खरं तर लहान मुलाच्या बाबतीत लक्षणांची वाटही पाहू नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनचा उपयोग दाखवून दिल्यापासून या दंशाने होणारे मृत्यू खूप कमी झाले, पण ते औषध वेळेत मिळायला हवं. बांधणं, चिरणं, चोखणं काही नको. 108 लावा किंवा स्वतःच्या गाडीने निघा. जवळचं ग्रामीण रुग्णालय कोणतं आणि तिथे रात्री कोणत्या रस्त्याने जायचं, हे दिवसाउजेडी बघून ठेवा.

डासांचं क्रीम मुलाच्या तळहातांना आणि डोळ्यांजवळ लावू नका, तंबूत कॉइल नको. कडुनिंबाचा धूर करायचा तर तंबूबाहेर, तोही विझवून मग झोपायचं.

वेंगुर्ला

एकच गोष्ट, पण फार महत्त्वाची. शेकोटी वाळूने झाकू नका. वर वाळू गार दिसते, खाली निखारे कित्येक तास तसेच राहतात आणि सकाळी अनवाणी मूल नेमकं तिथेच जातं. पाणी ओता, काठीने ढवळा, परत ओता, हाताला गार लागेपर्यंत. त्यासाठी वेगळी बादली सामानात धरा. सुरूच्या बनात तर शेकोटी नकोच, खाली वाळक्या पानांची गादी असते.

मुंबई

भरतीचं गणित कसं करायचं? तिथे नेटवर्क नसेल तर?

गुहागर

दादा, कॅलेंडर बरोबर ठेवा. तिथीची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची अंदाजे वेळ. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास. दुसरी भरती साडेबारा तासांनी, मधे सव्वासहा तासांनी ओहोटी. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, तेव्हा पाणी नेहमीपेक्षा बरंच वर चढतं. जमिनीवर खूण हवी असेल तर मर्यादवेल बघा. बकरीच्या खुरासारखी पानं, जांभळी फुलं. तंबू नेहमी तिच्याही मागे, जमिनीच्या अंगाला. आणि वेलीवर तंबू ओढू नका, वाळू तिनेच धरून ठेवलेली असते.

आंजर्ले

आमच्याकडे आणि वेळासला कासवं अंडी घालायला येतात. हिवाळ्यात पुळणीवर तंबू, शेकोटी, पांढरे दिवे नकोत. अंड्यांतून निघालेली पिल्लं उजेडाकडे वळतात आणि समुद्राकडे जायचं चुकतात. गावातल्या एखाद्या वाडीत विचारून तंबू टाका. तिथे संडास, विहीर, सावली तिन्ही मिळतं आणि छोट्या मुलाला तेच सोयीचं. टॉर्चला लाल जिलेटिन कागद दुहेरी लावून न्या. रात्री डायपर बदलतानाही तो उजेड बरा, मूल पूर्ण जागं होत नाही.

पुणे

झोपेबद्दल राहिलं. किनाऱ्यावर हिवाळ्यात रात्री पारा सहसा 18-20च्या आसपास असतो, गारठा जाणवतो तो दंवाने आणि खालून. म्हणून पांघरुणापेक्षा अंथरूण जाड हवं : ताडपत्री, तंबू, चटई, त्यावर घरचीच गोधडी. धुऊन नेऊ नका, ओळखीच्या वासाने मूल लवकर झोपतं. मोठ्यांच्या स्लीपिंग बॅगेत मुलाला घालू नका, ते आत घसरतं. दुपारची झोप मात्र बंद तंबूत कधीच नाही. उन्हात दहा मिनिटांत आत भट्टी होते. दोन झाडांमध्ये सुती साडीची सावली करून चटईवर झोपवा. त्यासाठी एक जुनी नऊवारी घ्याच.

गाडीत भरताना ताडपत्री आणि तंबू सगळ्यात शेवटी, म्हणजे उतरवताना आधी हाताला लागतील. कपड्यांचे दोन जोड, एक टॉवेल आणि चार पिशव्या मात्र सीटच्या खिशात. ताम्हिणी असो की कुंभार्ली, घाटात उलटी झाली की डिकी उघडायला वेळ नसतो.

मालवण

परत आल्यावर त्याच दिवशी तंबूच्या चेनी आणि दांड्यांचे सांधे गोड्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा, चेनीवरून मेणबत्ती फिरवा. मिठाचे खडे चेनीत बसले की पुढच्या वेळी ती अर्ध्यात अडकते, आणि चिपळूणच्या ताईंनी लिहिलंय तशी ती रात्रभर पूर्ण बंद राहायला हवी.