सल्ला हवा: पावसाळ्यात निक्सी घड्याळ सकाळी पेटत नाही

बंदरकाठ (मालवण):
आयएन-१२ च्या चार नळ्यांचं घड्याळ आहे (निक्सी, म्हणजे निऑन भरलेल्या काचेच्या नळीत तारेचे अंक पेटतात ते). प्रत्येक नळीला अंक निवडणारी वेगळी आयसी, के१५५आयडी१, आणि अ‍ॅनोडला (नळीच्या धन टोकाला) २२ किलो-ओहमचा रेझिस्टर. १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर एमसी३४०६३ ही कन्व्हर्टर आयसी आणि आयआरएफ७४० मॉसफेट लावून उच्च दाब (व्होल्टेज) तयार केलाय. उन्हाळाभर काही तक्रार नव्हती. पाऊस लागल्यापासून सकाळी चालू केलं की दोन नळ्या काळ्याच राहतात आणि तासाभरानं आपोआप पेटतात. एका नळीत ८ असताना मागे पुसट ३ दिसतो. आणखी एका नळीचा ७ मधेच तुटल्यासारखा दिसतो. ही नळी आधी मिनिटांच्या दशकस्थानी होती, आता एककाला लावलीय. नळ्या संपल्या का? नव्या मागवू का?

निऑन_रत्नागिरी:
नव्या इतक्यात मागवू नका. तुम्ही सांगताय ते तीन वेगळे दोष आहेत आणि त्यांतले दोन नळीचे नसावेत.

तासाभरानं पेटते याचा अर्थ बोर्ड गरम होऊन सुकतो. आयएन-१२ पेटायला १७० व्होल्टपर्यंत लागू शकतात. एकदा पेटली की नळीवर साधारण १४० राहतात. म्हणजे दाब १५५-१६० वर आला तर काही नळ्या पेटतील, काही नाही. खोलीत पूर्ण अंधार असेल तर आणखी उशीर, कारण पहिलं आयनीकरण सुरू व्हायला प्रकाशाची मदत होते. आधी सकाळी थंड असताना मुख्य कपॅसिटरवर दाब मोजा, मग तासानं परत मोजा. फीडबॅकचे, म्हणजे तयार झालेला दाब विभागून आयसीला परत दाखवणारे, वरचे-खालचे रेझिस्टर किती आहेत तेही लिहा.

मोजताना एक हात खिशात. अडॅप्टर काढल्यावरही कपॅसिटर १० व्होल्टच्या खाली आल्याशिवाय बोर्डाला हात लावू नका.

बंदरकाठ:
थंड असताना १५८, नंतर १७७. वर ३३० किलोचे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये, खाली ४.७ किलो.

निऑन_रत्नागिरी:
मग दोष सापडला. एमसी३४०६३ चा संदर्भ (ज्याच्याशी ती फीडबॅक ताडून पाहते तो दाब) १.२५ व्होल्ट, म्हणून १.२५ × (१ + ६६०/४.७) = १७६.८. तासानंतरचा तुमचा आकडा हाच. १५८ यायला वरचा रेझिस्टर ५८९ किलोसारखा वागायला हवा, म्हणजे त्याला समांतर सुमारे साडेपाच मेगओहमची गळती आहे. खारी हवा, त्यात सोल्डरिंगचा उरलेला फ्लक्स (डाग देताना लावतात तो राळेसारखा पदार्थ) आणि दमटपणा. एवढी गळती आपल्याकडे सहज होते. पुसट ३ बहुधा त्याच घाणीमुळे, पण त्याची खात्री वेगळी करा.

नळ्या आणि आयसी सॉकेटमधून काढा. बोर्ड आधी कोमट डिस्टिल्ड पाण्यानं मऊ ब्रशनं धुवा. सगळे थेट आयसोप्रोपिल अल्कोहोल ओततात, पण मीठ त्यात जवळपास विरघळत नाही. फ्लक्स जातो आणि मीठ तिथेच राहतं. पाण्यानंतर ९९ टक्क्यांचं अल्कोहोल, म्हणजे फ्लक्सही जाईल आणि पाणीही. मग ५०-६० अंशांवर दोन-तीन तास पूर्ण सुकवा. त्यानंतरच अ‍ॅक्रिलिक कोटिंगचे दोन पातळ हात. ओल्या बोर्डावर कोटिंग मारलं तर ओल आत कोंडते आणि गळती कायमची होते. सॉकेटवर आणि, दाब जुळवायचा प्रीसेट (फिरवून बदलायचा रेझिस्टर) असेल तर त्याच्यावर, आधी चिकटपट्टी लावा. प्रीसेटमध्ये कोटिंग शिरलं आणि फीडबॅकची वरची वाट तुटली तर दाब बेलगाम चढतो.

सर्किट_देवगड:
दादांच्या उत्तरात एक भर. एवढ्या जास्त ओहमचा डिव्हायडर (फीडबॅकची ती वरची-खालची रेझिस्टरची जोडी) किनाऱ्यावर ठेवूच नये. वर १६० किलोचे दोन आणि खाली २.२ किलो, सगळे १ टक्क्याचे लावा. दाब १८३ येतो. तीच साडेपाच मेगची गळती राहिली तरी तो १७३ च्या खाली जात नाही. अ‍ॅनोड करंट (१८३ − १४०) / २२ किलो, म्हणजे जवळजवळ २ मिलिअँप, आयएन-१२ ला योग्य. वरचे रेझिस्टर दोनच ठेवा. पाव वॉटच्या एकाच रेझिस्टरवर एवढा दाब टाकणं त्याच्या मर्यादेच्या फार जवळ जातं.

पुसट ३ साठी: धुतल्यावरही राहिला तर त्या नळीची के१५५आयडी१ शेजारच्या नळीच्या आयसीशी बदला. पुसट अंक आयसीबरोबर गेला तर तिचं आउटपुट गळतंय. जागेवरच राहिला तर ट्रॅक किंवा सॉकेट. आणि बंद कॅथोडवर (न पेटलेल्या अंकाच्या टोकावर) मीटर लावून निदान करू नका, मीटरच्या १० मेगओहममधून करंट वाहून तो अंकच मंद पेटतो.

घड्याळ थोडा वेळ चालवून अडॅप्टर काढा आणि कपॅसिटर १० व्होल्टच्या खाली आल्यावरच आयआरएफ७४० ला हात लावून पाहा. चटका बसत असेल तर त्याचं गेट (त्याला चालू-बंद करणारं टोक) वेळेत रिकामं होत नाहीये. एमसी३४०६३ गेट वर ओढते, खाली ओढत नाही. बीसी५५७ ट्रान्झिस्टर आणि १एन४१४८ डायोड लावून ते खाली ओढून घ्यावं लागतं. उच्च दाबाच्या वाटेवरचा डायोड १एन४००७ असेल तर तोही बदला, वेगानं बंद होणारा यूएफ४००४ हवा. साधा डायोड या वेगाला वेळेत बंद होत नाही आणि तापतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मागताना ‘यूएफ’ स्पष्ट सांगा.

बंदरकाठ:
सगळं लिहून घेतलं. आणि तुटका ७?

निऑन_रत्नागिरी:
तो मात्र नळीचा दोष, पण बरा होणारा. मिनिटांच्या दशकाला ६ ते ९ कधीच पेटत नाहीत. पेटणाऱ्या अंकांवरून उडालेला धातू त्यांच्यावर बसतो आणि तेवढा भाग उजळत नाही. त्या नळीचा रेझिस्टर तात्पुरता १० किलो करा, म्हणजे ४ मिलिअँपच्या आसपास, आणि फक्त ७ पेटता ठेवा. डाग किती जुना त्यावर काही तास ते एक-दोन दिवस लागतात. मधूनमधून बघत राहा, पूर्ण उजळला की लगेच २२ किलो परत लावा. नंतर ६, ८, ९ ही तपासा. पुढे प्रोग्राममध्येच रोज पहाटे चारही नळ्यांवर ० ते ९ काही मिनिटं फिरवा.

सर्किट_देवगड:
एखादी नळी सगळीच जांभळट-गुलाबी चमकू लागली आणि अंक उमटेना, तर तिच्यात हवा शिरलीय. तेवढीच नवी मागवा. कडेला थोडी निळी झाक असेल तर घाबरू नका, आतला पारा आहे तो.