जिप्सीचा मागचा प्रॉपेलर शाफ्ट (इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडे नेणारा दांडा) बदलून जाड, डबल जॉइंटचा टाकू का?

पसरणीकर
मंडळी, गाडी मारुतीची जिप्सी किंग, २००३ची, एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनची). आम्ही वाईचे, भिलारला थोडं स्ट्रॉबेरीचं रान आहे, त्यामुळे पसरणी घाट रोजचा. दिवाळीनंतर गाडी दोन इंच उचलली: चारही कोपऱ्यांना लांब शॅकल (पाट्याचं टोक चासीला टांगणारी पट्टी), मागे स्प्रिंगचा एक जादा पाटा आणि २१५/७५ चे टायर. शेताच्या वाटेवरच्या दगडांना आता हाऊसिंग (धुरीचं लोखंडी कवच) लागत नाही, तिथं मी खूश आहे.

दुःख हायवेचं आहे. घाटात तीस-चाळीसला काही जाणवत नाही. सुरूर फाट्यावरून हायवेला लागलो आणि काट्यानं सत्तर ओलांडलं, की सीटखालून घूंऽऽ सुरू. डॅशबोर्डवरचा गणपती थरथरतो, ८५ला तर आरशात मागच्या एका ट्रकचे दोन ट्रक दिसतात. बायको म्हणते, मसाजची खुर्ची फुकटात मिळाली.

टायरचं बॅलन्सिंग दोनदा झालं. पाटे बसवताना शाफ्ट उतरवला होता, तेव्हाच त्याचे दोन्ही क्रॉस (टोकांचे वाकणारे सांधे) नवीन टाकले. आता पुण्यात एकाने सांगितलंय, ‘उचललेल्या गाडीला कंपनीचा शाफ्ट चालत नाही. जाड नळीचा, डबल जॉइंटवाला (एका टोकाला दोन क्रॉस जोडलेला) करून घ्या, २८ हजार.’ पैसे जमवता येतील, पण ते स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवर अंथरायच्या मल्चिंग पेपरचे आहेत. करू का?

उद्यमनगरचा_लेथवाला
भावा, थांब. २८ हजार खिशातच ठेव.

आधी शाफ्टच आहे का ते बघ. ऐंशीला गाडी न्यूट्रल कर. इंजिनचा आवाज खाली बसला तरी घूं तसंच राहिलं तर इंजिन सुटलं, दोष त्याच्या मागं. मग टायर की शाफ्ट? तुझं चाक पंचाहत्तरला सेकंदाला नऊ-साडेनऊ फेरे घेतं. डिफरन्शियलचं (धुरीतल्या गिअरांचं) प्रमाण चारच्या जवळपास, म्हणजे शाफ्ट तेवढ्यात सदतीसच्या आसपास. टायरची थरथर संथ असते, धबधब करत स्टेअरिंगला येते. शाफ्टची बारीक, ती बुडाला आणि गिअरच्या दांडीला कळते. घूं सीटखालून येतंय म्हणतोस, म्हणजे मला शाफ्टचाच वास येतोय.

आता खरं. ‘पाटे बसवताना शाफ्ट उतरवला होता’ हे तू जाता जाता लिहिलंस, माझं डोकं तिथंच अडकलंय. मागचा शाफ्ट दोन तुकड्यांचा, मधे सरकणारी स्प्लाइन, म्हणजे दात्यांची जोडणी. क्रॉस कोनात फिरतो तेव्हा शाफ्ट एका फेऱ्यात दोनदा पुढं पळतो आणि दोनदा मागं रेंगाळतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस हीच चूक उलटी करून फेडतो. पण कधी? दोन्ही टोकांच्या योकचे (क्रॉस धरणाऱ्या चिमट्यांचे) कान एका रेषेत असतील आणि दोन्हीकडचे कोन सारखे असतील तरच. फिटरनं तुकडे वेगळे केले आणि जोडताना स्प्लाइन एक दात जरी चुकली, तरी ती चूक पुरती फिटत नाही. सरळ गाडीत थोडं खपून जातं. उचललेल्या गाडीत कोन वाढलेला असतो, तिथं बोंब होते.

गाडी सपाटीवर लाव, चाकांना दगड लाव. विसरू नकोस, मागचा शाफ्ट सुटला की नुसती गिअरमध्ये टाकलेली गाडी अडत नाही, घरंगळते. मग खाली झोपून कान बघ. क्रॉसच्या टोप्यांभोवती तांबडी भुकटी दिसली तर आत बेअरिंग कोरडं पडलंय. कामाची वस्तू फक्त हातातली बॅटरी, आणि कपाळावर सांडणारी माती पुसायला फडकं.

नाशिकची_जिप्सीवाली
लेथवाल्या दादांचं बरोबर आहे, पण अर्धंच. कान जुळले तरी कोन उरतो.

मागच्या पाट्याचं शॅकल मागच्या टोकाला असतं. ते लांब केलं की पाट्याचं ते टोक खाली जातं, हाऊसिंग थोडं फिरतं आणि पिनियनचं (शाफ्ट जिथे डिफरन्शियलला जोडतो, त्या दांड्याचं) नाक वर होतं. ट्रान्स्फर केसचा (जोर पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या पेटीचा) फ्लँज, म्हणजे शाफ्ट बोल्टने जोडायची चकती, मात्र जागचा हलत नाही. म्हणजे दोन फ्लँज समांतर होते, ते राहिले नाहीत. मी गवंड्याचा ओळंबा आणि मुलीच्या कंपासपेटीतला कोनमापक घेऊन मोजलं होतं. नवरा हसला, पण तीन अंशांचा फरक निघाला. पाटा आणि हाऊसिंगच्या मधे लोखंडी पाचर टाकून नाक खाली आणता येतं. पाचर लेथवर घडवून घ्या, लाकडाची नाही. (आमच्याकडे एकाने खरंच विचारलं होतं.)

डबल जॉइंट माझ्या गाडीत आहे, पण ती चार इंच उचललेली आहे. तिथे साध्या क्रॉसला तो कोन झेपतच नाही. आणि त्याचा नियम वेगळा: डबल जॉइंट ट्रान्स्फरच्या बाजूला बसतो आणि पिनियनचं नाक जवळजवळ थेट त्याच्याकडे रोखलेलं लागतं. तेव्हा तो आणला म्हणून कोन मोजायचं काम चुकत नाही. दोन इंचांना मी तरी घेतला नसता.

जाडीबद्दल. तुमचं इंजिन १०३ न्यूटन मीटरचं. लो रेंजच्या (चिखल-चढासाठीच्या जादा जोराच्या) पहिल्या गिअरला ते आठेक पट होतं. चिखलात चाक अडकून एकदम पकड मिळाली की काहीतरी तुटणारच. तुटायचंच असेल तर क्रॉस तुटलेला परवडतो, डिफरन्शियलचे दात नाही. जाड शाफ्ट टाकून तुम्ही तो फटका मागे ढकलता.

एक आणखी. २००३ची गाडी म्हणजे दर पाच वर्षांनी पुन्हा पासिंग. गाडीत फेरफार केल्याबद्दल मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. तेव्हा जुने शॅकल भंगारात घालू नका, परत बसवायची वेळ येऊ शकते.

पसरणीकर
परवा रविवारी झोपलो गाडीखाली. कान जुळत नव्हते! डोळ्यांना दिसेल इतकं. ब्रशने चिखल काढला तर दोन्ही तुकड्यांवर कंपनीच्या खुणा तशाच होत्या, समोरासमोर यायला हव्या होत्या त्या एक दात सरकलेल्या. फिटरला काही बोललो नाही. चहा पाजून त्याच्याकडूनच चार-चार बोल्ट सोडवले आणि खुणा जुळवून बसवून घेतला. तो एवढंच म्हणाला, ‘खूण होय? मला वाटलं गंज.’

लगेच खंबाटकी ओलांडून शिरवळपर्यंत गेलो. ऐंशीला गणपती शांत. पंचाण्णवला अजून बारीक घूं आहे, ते ताईंचं पाचरीचं काम असावं. माझ्या ओळंब्याला अडीच अंश आले. पाचर घडवायला टाकली आहे. मल्चिंग पेपर आला.

दादा, नव्या क्रॉसला ग्रीस किती दिवसांनी मारू?

उद्यमनगरचा_लेथवाला
पाच हजार किलोमीटरला. आणि ओढ्यातून गाडी घातलीस तर दुसऱ्या दिवशीच. चारही टोप्यांतून जुनं ग्रीस बाहेर येईस्तोवर दाब. एका टोपीतून आलं नाही तर तो क्रॉस काढ, नवीन असला तरी.