प्रतिसाद: पगार कमी, खर्चही कमी?
वर म्हटलंय की गरीब भागात पगार कमी असला तरी खर्चही कमी, म्हणून हिशेब जुळतो. मला हे अर्धंच पटतं. स्वस्त असतं ते घरभाडं आणि माणसाच्या श्रमावर चालणारी कामं: केस कापणं, शिलाई, दुरुस्ती. (श्रम स्वस्त म्हणजे तिथल्याच कुणाची तरी कमाई कमी, हे विसरू नये.) मोबाईल, गाडी यांची किंमत देशभर जवळपास तीच. अमेरिकेत देशाची सरासरी १०० धरून राज्यवार किंमतींचा निर्देशांक काढतात. त्यातही मोठी तफावत दिसते ती घरभाड्यात, वस्तूंमध्ये बरीच कमी. शिवाय शिल्लक बघा. महागड्या शहरातला एक आणि स्वस्त भागातला एक, अशा दोघांनीही उत्पन्नाचे १० टक्केच वाचवले, तरी शहरातला माणूस स्वस्त भागात जमीन घेऊ शकतो. तिथल्या माणसाला शहरात खोलीही परवडत नाही.