बियाणे उत्पादक कंपनीत पैसे गुंतवावेत का? आठवड्याभरात कळवायचे आहे

धागाकर्ता: परिचितांच्या बियाणे कंपनीत भागीदार होण्याचा प्रस्ताव आला आहे. तीन वर्षे विक्री वाढती आहे आणि नफाही दिसतो. पैसे घालावेत की नाही, एवढेच कृपया सांगावे.

बांधावरून: कोणते पीक, संकरित की सरळ वाण, बीजोत्पादन कोणाच्या शेतात, यांतले काहीच आपण लिहिलेले नाही. त्याशिवाय काय सांगणार?

धागाकर्ता: संकरित मका आणि कांदा. वाण कोणाचे हे विचारले नाही. त्याने फरक पडतो का?

रानमळा: सगळा फरक त्यानेच पडतो. ज्यांच्या संकरातून हे बियाणे तयार होते ते नर आणि मादी जनक वाण दुसऱ्याचे असतील, तर आपली कंपनी केवळ बियाणे वाढवून देणारी ठरते आणि करार संपला की हाती काही उरत नाही. वाण स्वतःचे असतील, तर संरक्षणाची, म्हणजे त्या वाणावरच्या एकाधिकाराची, मुदत पाहा. यूपीओव्ही या वाण-संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या 1991 च्या आवृत्तीनुसार बहुतेक पिकांसाठी ती किमान 20 वर्षे असते.

बांधावरून: हक्काचे कागद शेतातली चूक झाकत नाहीत. मी मक्याचे बीजोत्पादन केले आहे. मादी ओळींतले तुरे पराग सुटण्याआधी उपटावे लागतात, नाहीतर त्याच ओळींचा पराग कणसांवर पडतो आणि संकर होत नाही. एकदा दोन दिवस मजूर आले नाहीत आणि माझा अख्खा प्लॉट शुद्धतेत नापास झाला. आधी शेत पाहा.

मशागत: त्यापेक्षा स्वतःच बीजोत्पादनाचा करार घ्यावा, असे मला वाटते.

ताळेबंद: त्यांचा प्रश्न तो नाही. हंगामाआधी विक्रेत्यांकडे गेलेला माल विक्री म्हणून दाखवतात आणि न खपलेला हंगामानंतर परत येतो, म्हणून परतीचा हिशेब लागल्याशिवाय त्या नफ्याला नफा म्हणू नये. त्यातही मका थंड गोदामात टिकतो. कांद्याचे बियाणे मात्र साध्या साठवणीत वर्षभरातच उगवणक्षमता गमावू लागते.

धागाकर्ता: परतीचा हिशेब मागितला, तर त्यांनी विक्रीचेच आकडे पुन्हा पाठवले. आता उगवण चाचणीचे अहवाल मागवू का?

ताळेबंद: जरूर मागवा, पण ताज्या मालाचे नकोत. परत आलेल्या प्रत्येक लॉटचे, चारशे दाण्यांच्या चाचणीचे आणि परत आल्यानंतरच्या तारखेचे मागवा. ते हाती येईपर्यंत होकार कळवू नका, मुदत टळली तरी चालेल.